आधी बोअरवेलचे पाणी तपासावे

मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळसर डाग दिसू लागल्यामुळे घरातील सर्वांसाठीच फ्लोराइडविरहित टूथपेस्ट आणावी, असे मत मांडले गेले आहे. त्यामागची काळजी रास्त आहे. परंतु यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे डाग पाडणारे जादा फ्लोराइड मुख्यतः बोअरवेलच्या पाण्यातून पोटात जाते, ही बाब मागे पडू नये. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. प्रमाण त्याहून अधिक असेल, तर केवळ पेस्ट बदलून मुलांचे दात वाचणार नाहीत. म्हणून ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करून पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते, हे घराघरांत आवर्जून सांगितले पाहिजे. आरओ यंत्राने मात्र ते बऱ्याच अंशी निघते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धतही विकसित केलेली आहे.

राहिला पेस्टचा प्रश्न. हे डाग दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंतच पडतात. त्यामुळे मोठ्यांनी, कीड रोखणारी फ्लोराइडची पेस्ट सोडण्याचे कारण मला दिसत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती थुंकेपर्यंत मोठ्यांनी जवळ उभे राहावे. पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आणि मूल पेस्ट गिळत असेल, तर दंतवैद्याच्या सल्ल्याने त्याच्यापुरती वेगळी पेस्ट अवश्य आणावी.