बोगद्यात कण आपटून विश्वाची सुरुवात कशी काय कळते?

शाहूपुरीकर:
पोरगी बारावीला हाय, काल जेवताना विचारत होती की जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटरच्या रिंगणात प्रोटॉन आपटतात त्याचा आणि 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचा काय संबंध. न्यूजवाले म्हणतात छोटा महास्फोट करतात, तर ती म्हणते मग नवीन विश्व का होत नाही. कुणीतरी सोप्यात सांगा की राव.

गुऱ्हाळवाला:
न्यूजवाल्यांचं सोडा. तिथं महास्फोट करत नाहीत, त्याच्यानंतरच्या पहिल्या क्षणांतलं तापमान गाठतात. प्रकाश बघत मागं गेलं तर महास्फोटानंतरच्या 3 लाख 80 हजार वर्षांपाशी गाडी अडते, त्याच्या आधी सगळं नुसतं तापलेलं धुकं, प्रकाश सुटायचाच नाही त्यातनं. मग त्याआधीचं कणांच्या वागण्यावरनंच काढायला लागतंय. शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आपटली की क्षणभर प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतले क्वार्क-ग्लुऑन नावाचे कण मोकळे होतात, पहिल्या काही मायक्रोसेकंदांत विश्व असंच होतं.

पण मला पटलेला पुरावा हेलियमचा. पहिल्या सेकंदाच्या आसपासपर्यंत न्यूट्रॉनचे प्रोटॉन, प्रोटॉनचे न्यूट्रॉन असं सारखं चालू होतं, मग विश्व फुगून थंड झालं आणि अदलाबदल थांबली, काहिलीतला पाक साच्यात पडला की ढेप ठरली तसं. काही न्यूट्रॉन नंतर फुटले, तरी तीनेक मिनिटांनी 1 न्यूट्रॉनमागं 7 प्रोटॉन. आता 16 कण घ्या, 2 न्यूट्रॉन 14 प्रोटॉन, त्यात एक हेलियम आणि 12 हायड्रोजन, म्हणजे वजनानं चौथाई हेलियम. आकाशातल्या जुन्या वायूत मोजलं तरी साधारण तेवढंच भरतंय.

शाहूपुरीकर:
लई भारी. पण ह्यात बोगदा कुठं आला?

गुऱ्हाळवाला:
न्यूट्रिनोत, म्हणजे कशालाही जवळपास न अडता आरपार जाणाऱ्या हलक्या कणांत. त्याच्या जाती जास्त असत्या तर विश्व जोरात फुगलं असतं, अदलाबदल आधीच थांबली असती, न्यूट्रॉन जास्त उरले असते नि हेलियम वाढला असता. हेलियम बघून लोक म्हणत होते जाती तीन, फार तर चार. 1989 ला त्याच बोगद्यात, तेव्हा तिथं एलईपी नावाचं यंत्र होतं, झेड कण मोजले, हे फुटून न्यूट्रिनोपण होतात त्यामुळं त्यांच्यावरनं जाती मोजता येतात, तर तीनच! नाद खुळा.

पन्हाळा_रोड:
सगळं सुटलंय असं मात्र पोरीला सांगू नका दादा. पदार्थ आणि प्रतिपदार्थ (त्याचा उलट भाराचा जुळा) सारखेच बनले असते तर एकमेकाला संपवून नुसता प्रकाश उरला असता, आपण उरलो कारण अब्जात एखादा कण जादा होता. दोघांच्या वागण्यात फरक असतो हे 1964 ला केऑन कणांत दिसलं, 2025 ला आताच्या बोगद्यातल्या यंत्रावरच्या, म्हणजे एलएचसीवरच्या, एलएचसीबी प्रयोगानं प्रोटॉनच्या खानदानातल्या जड कणांतपण दाखवलं, पण आजच्या सिद्धांतात बसणारा फरक ह्या कामाला लईच कमी पडतोय. डार्क मॅटरचा, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते त्या द्रव्याचा, कणपण अजून घावला नाही.

आणि नवीन विश्वाचं म्हणाल तर एलएचसीपेक्षा जास्त ऊर्जेचे कण अंतराळातनं आपल्या वातावरणावर कायमच आदळतायत, त्यानं काय झालंय का आजवर?