मॅकेन हरले ते पेलिनबाईंमुळे? मला नाही पटत

रानवारा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी कोणाला घ्यावं याची चर्चा सुरू झाली, की कोणीतरी २००८ काढतंच: "दुसरी पेलिन नको!" रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी सारा पेलिन यांना रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवार, म्हणून घेतलं आणि तिथेच ते बुडाले, असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. मला हे साफ अमान्य. निवड धोक्याची होती, पण त्या आठवड्यात मॅकेन यांच्या हातात दुसरं काय होतं ते आधी सांगा.

मावळते रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांची लोकप्रियता रसातळाला, इराक युद्धाला लोक विटलेले. २८ ऑगस्टला डेन्व्हरच्या स्टेडियममध्ये डेमोक्रॅट्सचे उमेदवार ओबामांचं भाषण झालं, आणि देशभर त्याचीच चर्चा. दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या ७२ व्या वाढदिवशी, मॅकेन यांनी ओहायोतल्या डेटनला अलास्काच्या ४४ वर्षांच्या गव्हर्नर पेलिन यांना व्यासपीठावर आणलं. संध्याकाळपर्यंत ओबामांचं भाषण मागे पडलं होतं! ३ सप्टेंबरला रिपब्लिकनांच्या सेंट पॉलच्या अधिवेशनात बाई बोलल्या ते सुमारे ३.७ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिलं, म्हणजे ओबामांच्या भाषणाला होते जवळपास तितकेच. त्यानंतर काही दिवस मॅकेन चाचण्यांमध्ये चक्क पुढे होते.

मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक कोसळली. त्याच दिवशी मॅकेन म्हणाले, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. २४ तारखेला प्रचार थांबवतो म्हणून वॉशिंग्टनला धावले आणि तिथे हात हलवत बसले. हे काय पेलिनबाईंनी करायला लावलं? मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत मोठा मुद्दा सांगितला. इलेक्टोरल मतांचा ३६५ विरुद्ध १७३ असा निकाल लागतो तेव्हा खापर फोडायला एक डोकं सापडलं की बाकीचे सुटतात, एवढंच.

कोर्टकचेरी

सोयीचा आकडा बरा उचललात. त्याच पाहणीत ६० टक्के लोकांनी पेलिन या पदाला पात्र नाहीत असंही सांगितलं होतं. तो का गाळला?

आणि निवड झाली कशी तेही लिहा की. मॅकेन त्यांना आधी एकदाच भेटले होते, फेब्रुवारीत वॉशिंग्टनला गव्हर्नरांच्या बैठकीच्या वेळी. पुढची भेट थेट घोषणेच्या आदल्या दिवशी, ॲरिझोनात सेडोनाजवळच्या घरी. पुण्यात वन बीएचके भाड्याने देणारासुद्धा भाडेकरूची याहून जास्त चौकशी करतो. चौकशीचं काम बघणारे वकील कल्वाहाउस यांनीही 'धोका मोठा, फळ मोठं' असंच सांगितलं होतं. मॅकेन यांना फळ ऐकू आलं.

चिमणराव_२

रशिया माझ्या घरातून दिसतो म्हणणारी बाई ना ती? 😂

मी_वैदेही

नाही, ते वाक्य पेलिन यांचं नाहीच. 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी टीव्ही कार्यक्रमात त्यांची नक्कल करणाऱ्या टीना फे यांचं आहे. पेलिन एबीसीच्या मुलाखतीत म्हणाल्या होत्या की अलास्काच्या जमिनीवरून रशिया दिसतो, आणि एका बेटावरून तो खरंच दिसतो. नकलेतलं वाक्य इतकी वर्षं बाईंच्या नावावर खपतंय, यातच सगळं आलं.

पाच मुलं, त्यातलं धाकटं काही महिन्यांचं, घर कोण बघणार? हे प्रश्न २००८ मध्ये उघड विचारले गेले. ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बायडन १९७३ मध्ये सेनेटर झाले तेव्हा पत्नी आणि लहानगी मुलगी अपघातात गेली होती आणि दोन छोटे मुलगे रुग्णालयात होते. त्यांच्या धीराचं कौतुक झालं, ते योग्यच. पण बाई असती तर? पेलिन यांच्या मुलीच्या गरोदरपणाची बातमी आली तेव्हा उमेदवारांची मुलं चर्चेबाहेर ठेवा, असं स्वतः ओबामांना सांगावं लागलं होतं.

आणि त्या काही उगवत्या दिवशी आणलेल्या बाहुल्या नव्हत्या. २००६ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या गादीवरच्या गव्हर्नरला, फ्रँक मर्कोव्स्कींना, प्राथमिक फेरीत पाडून आल्या होत्या. तेल कंपन्यांवरचा कर वाढवला होता. हे कोणाला आठवत नाही, प्रचारासाठी पक्षाने घेतलेले दीड लाख डॉलरचे कपडे मात्र सगळ्यांना आठवतात.

सातासमुद्र

वैदेहीताई, नकलेबद्दल सहमत, बाकी अर्धवट सहमत. मी तेव्हा ओहायोतच होते. आमच्या ऑफिसात, डेमोक्रॅट्सच्या उमेदवारीत ओबामांकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या कट्टर समर्थक बायका होत्या. डेटनच्या भाषणात पेलिन यांनी हिलरींचं नाव घेऊन बायकांना साद घातली, तेव्हा या बायका अक्षरशः चिडल्या. गर्भपाताच्या हक्कावर जिची मतं तुमच्या बरोब्बर उलट आहेत, तिला केवळ बाई आहे म्हणून मत द्यायचं? शेवटी स्त्रियांची मतं ५६-४३ अशी ओबामांकडे गेली. बाईच हवी होती तर टेक्सासच्या सेनेटर के बेली हचिसन होत्या, अनुभव तरी होता.

सीबीएस वाहिनीच्या केटी कूरिक यांनी घेतलेली पेलिन यांची मुलाखत मात्र नकलेत नव्हती हो. कोणती वर्तमानपत्रं वाचता, एवढा साधा प्रश्न. एकाचंही नाव सांगता येऊ नये?

पोटकलम

सगळे 'किती मतं मिळाली' यावर भांडताहेत. उपाध्यक्ष हा मतांसाठी घ्यायचा की कामासाठी?

आपल्याकडे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी झाले आणि काही महिन्यांत निवडणूक. अमेरिकेत तसं नाही. अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष उरलेली सगळी मुदत अध्यक्ष. हे आजवर नऊ वेळा झालंय, आठ वेळा मृत्यूमुळे आणि एकदा निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. ट्रूमन १९४५ मध्ये अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष होते. रूझवेल्ट गेले आणि जवळपास चार वर्षांची मुदत, चालू महायुद्ध आणि अणुबॉम्ब त्यांच्या पदरात पडला. बॉम्बची खरी माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावर मिळाली!

आता ७२ वर्षांचे, त्वचेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेले मॅकेन. शेजारी अलास्कात पावणेदोन वर्षं कारभार केलेल्या बाई. अलास्काची लोकसंख्या तेव्हा आपल्या अमरावती शहराच्या आसपास. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल रिपब्लिकन, मॅकेन यांचे जुने मित्र. त्यांनी १९ ऑक्टोबरला ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा पेलिन अध्यक्ष व्हायला तयार नाहीत हे एक कारण स्पष्ट सांगितलं होतं.

रानवारा

पोटकलम, पॉवेल यांनी पक्षाच्या बदललेल्या सुराबद्दलही बरंच सांगितलं होतं. ते गाळू नका.

दुसरं कोण, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. हचिसन यांचं नाव आलं, पण गर्भपाताच्या प्रश्नावर त्याही पक्षातल्या कडव्या गटाला पुरेशा पक्क्या वाटत नव्हत्या. मॅकेन यांच्या मनात होते जो लिबरमन, २००० मध्ये डेमोक्रॅट्सचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. तेही गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे! अधिवेशनात प्रतिनिधींनी बंड केलं असतं. मग उरले पॉलेन्टी आणि रॉम्नी, पक्षातले दोन नेहमीचे नेते. त्यांना घेऊन मॅकेन सभ्यपणे हरले असते.

१९८८ मध्ये थोरल्या बुश यांनी उपाध्यक्षपदासाठी घेतलेल्या डॅन क्वेल यांची देशभर टर उडाली. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादात डेमोक्रॅट बेन्टसेन यांनी 'तुम्ही केनेडी नाही' म्हणून त्यांना भर मंचावर गार केलं. तरी थोरले बुश ४० राज्यं घेऊन जिंकले.

कोर्टकचेरी

क्वेल खपले कारण वारा बुश यांच्या बाजूने होता, हे तुमच्याच लेहमनच्या तर्कातून निघतं. वारा विरुद्ध असताना अनुभव हीच मॅकेन यांची एकमेव पुंजी होती. 'ओबामा कच्चे आहेत' हा त्यांचा मुख्य मुद्दा. पेलिन यांना शेजारी उभं केलं आणि तो मुद्दा स्वतःच्याच हाताने मारला. मला त्या ६० टक्क्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि २०१८ मध्ये मॅकेन यांनी स्वतःच सांगितलं की लिबरमन यांना घ्यायला हवं होतं, सल्लागारांचं ऐकायला नको होतं. आता बोला.

मी_वैदेही

तेव्हाही त्यांनी पेलिन यांची बाजूच घेतली होती, दोष दिला नव्हता.

सातासमुद्र

मला खरी किंमत त्या निवडणुकीत दिसत नाही. पेलिन यांच्या सभांना जी गर्दी व्हायची ती मॅकेन यांना कधी जमलीच नव्हती. शहरी, शिकलेल्या, 'खऱ्या' अमेरिकेला तुच्छ लेखणाऱ्यांविरुद्धचा राग तिथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ऐकू आला. पुढे रिपब्लिकनांमधली टी पार्टी ही सरकारविरोधी चळवळ आली, आणि जानेवारी २०१६ मध्ये आयोवात ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून पाठिंबा द्यायला कोण होतं? पेलिनच.

रानवारा

तो राग पेलिनबाईंनी निर्माण नाही केला, तो होताच. त्यांना तो आधी दिसला.

आणि पोटकलम, मॅकेन २५ ऑगस्ट २०१८ ला गेले. जिंकून दोन्ही मुदती मिळाल्या असत्या तरी त्या जानेवारी २०१७ मध्ये संपल्या असत्या. तुमची भीती प्रत्यक्षात आलीच नसती.

पोटकलम

हे २०१८ नंतर सांगणं सोपं आहे. मतदाराला नोव्हेंबर २००८ मध्ये ठरवायचं होतं, आणि मॅकेन यांना ऑगस्टमध्ये. तेव्हा त्यांच्यासमोर स्वतःचे वैद्यकीय कागद होते आणि बाईंशी झालेल्या दोन भेटी. एवढ्यावर तुम्ही काय ठरवलं असतं ते सांगा.