'लोंढे' म्हणण्यापूर्वी : लोकसंख्या आणि शहरांचा प्रश्न

क्षितिज (धागालेखक): 'गरीब देशांतील बेसुमार जन्मदर आणि शहरांवर आदळणारे लोंढे जगाला बुडवणार,' हे विधान इथल्याच एका धाग्यावर वाचले आणि स्वस्थ बसवेना. जागतिक लोकसंख्यावाढीचा वार्षिक दर १९६०च्या दशकात २ टक्क्यांपुढे होता, तो आता १ टक्क्याखाली आला आहे. शिवाय शहरे केवळ स्थलांतराने फुगत नाहीत. तिथेच राहणाऱ्यांच्या घरी जन्मणारी मुले हा त्या वाढीचा मोठा हिस्सा असतो. त्यांना लोंढा कसे म्हणणार?

जलरेषा: सरासरीच्या आड लपू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशात आजही एका स्त्रीमागे सुमारे ६ मुले आहेत. मी पाणीपुरवठ्याच्या कामात हयात घालवली आहे. जलवाहिनीचा व्यास ठरवताना पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरावी लागते, आणि वस्ती त्याआधीच दुप्पट झाली की शेवटच्या घरांतल्या नळातून नुसती हवा फुसफुसते. त्या घरातल्या बाईला तुमचा घटता दर सांगून पाहा!

मध्यरेषा: व्यासाचेच बोलायचे तर अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराकडेही पाहा. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक होते, २०२० साली साडेसहा लाखही उरले नाहीत. जाळे तेवढेच आणि त्याचा खर्च उचलणारे तिसऱ्या हिश्श्याने. पूर्व जर्मनीतल्या लोकसंख्या ओसरलेल्या शहरांत तर मोठ्या वाहिन्यांत पाणी साचून राहते म्हणून त्या मुद्दाम धुवाव्या लागतात. माणसे घटली म्हणजे प्रश्न मिटला, हा भ्रम आहे.

जलरेषा: रिकाम्या वाहिनीचे दुःख आणि कोरड्या नळाचे दुःख एकाच तागडीत घालता, याचा मला संताप येतो.

ओवी: दोघेही व्यासावर भांडत आहात. जमिनीचा कागद नाही म्हणून ज्या वस्त्यांना जोडणीच नाकारली जाते, तिथे वाहिनी कितीही रुंद असली तरी काय उपयोग? वाहिनी शेजारून जाते आणि गरीब माणूस टँकरवाल्याला लिटरमागे श्रीमंतापेक्षा जास्त पैसे मोजतो. हा जन्मदराचा दोष नव्हे.

जलरेषा: कागदाचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो, कारण तशा जोडण्यांचे अर्ज परत जाताना मी पाहिले आहेत. मात्र जन्मदराचा प्रश्न मी सोडलेला नाही. मुली माध्यमिक शाळेत टिकल्या आणि गर्भनिरोधके हाताशी आली की तो उतरतो, हे ठाऊक असूनही त्यावर पैसा खर्च होत नाही, याचा जाब कोणाला विचारायचा?

क्षितिज: हा जाब सरकारांना विचारा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन, पण 'लोंढे' हा शब्द मी तरीही स्वीकारणार नाही.