कोविड निघाला तरी टीबीच्या गोळ्या चालूच ठेवा

वर एकांनी विचारलंय, की भावाची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली, तर टीबीच्या गोळ्या थोडे दिवस थांबवल्या तर चालतील का. परस्पर अजिबात थांबवू नका. दोन्ही आजार एकाच फुफ्फुसात सुखेनैव नांदतात, आणि टीबीचं औषध मध्येच सोडलं तर जंतू पुढे औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

एक मात्र कोविडच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा: टीबीची रिफाम्पिसिन ही गोळी चालू आहे. लघवी केशरी होते ना, ती याच गोळीने. हिच्यामुळे यकृत बाकीच्या बऱ्याच औषधांचा भराभर फडशा पाडतं. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचा असर कमी होतो, आणि पॅक्सलोव्हिड ही कोविडवरची गोळी तर तिच्याबरोबर देतच नाहीत. म्हणून जुनी फाइल सोबत न्याच.

याची उलट बाजूही पाहिलीय आपण. २०२० साली खोकला म्हटलं की सगळे कोविडच्याच मागे. टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट, ट्रूनॅट यंत्रंही तिकडेच जुंपली. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये १८ लाखांवर आली. टीबी काय सुट्टीवर गेला होता? त्या ऑगस्टमध्ये केंद्राने दोन्ही तपासण्या जोडीने करायला सांगितलं.

भावाचा कोविड बरा झाल्यावरही खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं चालू राहिलं तर डॉक्टरांना सांगून बेडका पुन्हा तपासून घ्या. सकाळचा, खोलवरून खोकून काढलेला हवा. डबीत नुसती लाळ नेऊन उपयोग नाही.