सिलॅबस संपला, आता काय बघताय?

३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी तेच झुरळ शिकवलं. मुखांगं, पचनसंस्था, आकृती काढून नावं द्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की झुरळ पळताना पाय कसे टाकतं हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग एक झुरळ काचेच्या पेटीत सोडलं आणि फोनवर स्लो मोशनमध्ये टिपलं. एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय एकदम उचलले जातात. उरलेले तीन तिवईसारखे टेकलेले. वर्गात हे एका वाक्यात उरकायचो. घरच्यांनी पेटी दाराबाहेर काढली, तो विषय वेगळा.

जीवशास्त्र शिकवून मोकळे झालेल्यांनी लिहा. त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांनी तर लिहाच. मोठे शोध नकोत.

*

मी वनस्पतिशास्त्राची. मॉस, म्हणजे ओल्या भिंतींवर उगवणारी ती हिरवी मखमली वनस्पती, आयुष्यभर शिकवलं, पण त्यातले रहिवासी प्राणिशास्त्रवाल्यांचे म्हणून सोडून दिले होते. आता कुणाचाच विभाग नाही, तेव्हा भिंतीवरचं वाळकं मॉस रात्रभर भिजवलं, पिळलं आणि थेंब काचेवर घेतला. तीन दिवस नुसते गोलकृमी, रोटिफर नावाचे सूक्ष्म जलचर आणि वाळूचे कण. चौथ्या दिवशी आठ आखूड पाय टाकत एक जलअस्वल आलं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. १७७३ मध्ये गोएत्से नावाच्या जर्मन धर्मगुरूने त्याचं वर्णन केलं, 'पाण्यातलं छोटं अस्वल' हे नावही त्याचंच. पाणी आटलं की हा प्राणी पाय आत ओढून गोळा होतो, शरीरव्यापार जवळजवळ थांबवतो आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागतो. २००७ मध्ये यानातून उघड्या अंतराळात नेलेल्यांपैकी काही जिवंत परत आली.

मला वाटलं, आपणही करून बघू. कव्हरस्लिपखालचं, म्हणजे थेंबावर ठेवतात त्या पातळ काचेखालचं, पाणी सुकू दिलं, तासाभराने थेंब टाकला. गेलं होतं बिचारं. मागाहून वाचलं, की सुकणं सावकाश व्हावं लागतं. आकसायला वेळ मॉसमध्ये मिळतो, उघड्या काचेवर नाही. इतकी वर्षं स्लाइड सुकू नये म्हणून विद्यार्थ्यांवर ओरडणारी मी, पण हे कधी सुचलं नव्हतं. दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

*

मी एका सरांची लेक. आमच्या बाबांचं सध्या रातकिडा चालू आहे. रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो. त्याच्या शरीराची उष्णता भोवतालच्या हवेवर अवलंबून, म्हणून गारव्यात किरकिर मंदावते. १८९७ मध्ये डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने किरकिर मोजून तापमान सांगायचं सूत्र मांडलं. ते झाडावर राहणाऱ्या एका जातीवरून निघालं असावं असं मानतात. आमच्या खिडकीखालचा कुठल्या जातीचा, ते बाबांना अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून ते त्याचं स्वतंत्र सूत्र काढताहेत. वहीत रोज रात्री तापमान आणि १५ सेकंदांतली किरकिर.

एके दिवशी वहीत 'आज गप्प' असं लिहिलेलं दिसलं. मला तर तो स्पष्ट ऐकू येत होता. वय वाढलं की उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे बाबांनीच मला शिकवलेलं. मी काही बोलले नाही. आठवड्याने त्यांनीच फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप टाकून घेतलं, मागचं पान काढलं, 'आज गप्प' खोडलं आणि वर लिहिलं, 'मी बहिरा'. मोजणी चालू आहे.

*

आमच्या सरांचा फोन म्हणजे अर्धा तास गेलाच. काल विचारत होते, पाल काचेवरून पडत नाही हे ठीक, पण मेल्यावर लगेच का पडत नाही? पूर्वी 'वाचून या' म्हणायचे, आता 'मला माहीत नाही, तू सांग' म्हणतात. मला पूर्वीइतकाच घाम फुटतो.

*

सगळेच उत्साहाने लिहिताहेत म्हणून एक वेगळं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतर महिन्याभरात विभागाच्या जुन्या स्लाइड्स खोक्यासकट फेकून दिल्याचं कळलं. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः रंगवलेल्या. दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. मध्यंतरी नातीने कांद्याचा पापुद्रा बघताना विचारलं, पेशी विटांसारख्या एकाआड एक का लागल्यात? सवयीने व्याख्या सांगायला लागलो, तर ती उठून गेली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिलाय. कुतूहल वगैरे म्हणू नका, झोप येत नाही इतकंच.

*

धागाकर्ता पुन्हा. मॉसवाल्या मॅडम, पुढच्या वेळी जलअस्वल ओल्या गाळणकागदाच्या तुकड्यावर ठेवा आणि झाकण अर्धवट लावून हळूहळू सुकू द्या. मीही काल मॉस भिजवलंय. पेटी रिकामीच होती. झुरळ दाराबाहेरून परत घरात आलं असावं, असा घरच्यांचा संशय आहे.