निहिलिस्टचा आवाज बदलला की गाणी बदलली? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका वादात अडकलोय, जुनं डेथ मेटल (घोगऱ्या आवाजातलं अतिजड मेटल संगीत) कोळून प्यायलेल्यांनी सोडवावं.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमचा निहिलिस्ट हा बँड. १९८७ ते १९८९ एवढंच आयुष्य, अल्बम एकही नाही. मागे उरले ते प्रामुख्याने तीन डेमो (अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंग): 'प्रीमॅच्युअर ऑटोप्सी' (१९८८), १९८८ च्या अखेरीस रेकॉर्ड केलेला 'ओन्ली श्रेड्स रिमेन' आणि १९८९ चा 'ड्राउन्ड'. २००५ साली हे सगळं एकत्र सीडीवर आलं. मी त्यावरूनच ऐकतोय, मूळ कॅसेट कधी हाताला लागलेली नाही.

माझ्याबरोबर गिटार वाजवणारा मित्र ठामपणे म्हणतो की या बँडची 'शैली' वगैरे काही बदलली नाही. बदललं ते पेडल. बॉस कंपनीचं एचएम-२, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं पेडल, आलं, चारही नॉब शेवटपर्यंत पिळले, झालं स्वीडिश डेथ मेटल तयार!

मला हे पटत नाही. पहिल्या डेमोत सगळी घाई आहे. हार्डकोर पंक ऐकून वाढलेली पोरं वाजवतायत हे लगेच कळतं: रिफ (गिटारची छोटी, परत परत येणारी धून) आला, दोनदा वाजला, गेला, पुढचा. ड्रमसुद्धा तसेच, सरळ धावणारे. तिसऱ्या डेमोपर्यंत येताना तेच लोक थांबायला शिकलेत. वेग मध्येच पडतो, एखादी उदास सुरावट पुढे येते, आणि तिला पुरेसा वेळही मिळतो. हा फरक काय पेडलने केला?

पण मग माझं मलाच वाटतं, गिटारचा आवाज इतका जाड झाल्यावर संथ रिफ भारी वाटणारच. तसा तो वाटला म्हणूनच त्यांनी संथ लिहायला घेतलं असेल, तर मित्राचंच खरं. आधी कोंबडी की आधी अंडं, तसं झालंय.

तर आवाज आणि लेखन वेगळं काढून ऐकायचं कसं? नुसतं 'कान तयार कर' सांगू नका, ते करतोच आहे.

प्रतिसाद १

सोपं आहे. एकच गाणं दोन आवाजांत ऐका.

निहिलिस्टचीच माणसं पुढे एन्टूम्ड झाली आणि १९९० च्या 'लेफ्ट हँड पाथ' अल्बमवर त्यांनी जुनी गाणी पुन्हा वाजवली. त्यात 'सपोज्ड टू रॉट' आहे, जे पहिल्या डेमोवरचं. म्हणजे लेखन १९८८ चं, आवाज १९९० चा. मित्राचं बरोबर असेल तर हे गाणं अल्बमवर बाकीच्यांत मिसळून जायला हवं. खटकलं, तर लेखनही बदललं होतं.

ऐकताना गिटारकडे लक्ष देऊच नका, ती फसवते. रिफ किती वेळा फिरतो आणि ड्रमचा ठेका कुठे मोडतो ते मोजा. कागद-पेन घेऊन बसा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण पेडलला इतकंही हलक्यात घेऊ नका.

एचएम-२ वरचा 'हाय' नावाचा नॉब फसवा आहे. नावावरून वाटतं तसा तो वरचा चुरचुरीत आवाज वाढवत नाही, साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा वर काढतो. 'लो' नॉब खालून फुगवतो. दोन्ही पूर्ण उघडले आणि तारा बऱ्याच खाली उतरवलेल्या असल्या की तो करवतीसारखा आवाज येतो. तोटा असा की यात बारीकसारीक सुरांचा चिखल होतो. वेगात भराभर बदलणारे रिफ बुडतात, लांब धरलेले सूर तरतात. त्यामुळे पेडलने लेखनाला ढकललं असं म्हणायला जागा आहे.

या आवाजाचं श्रेय लेफ कुझ्नरला देतात. पहिल्या डेमोवर तो बास वाजवत होता. दुसऱ्यावर बासला जॉनी हेडलुंड आला आणि लेफ गिटारवर गेला, तिथेच तुम्हाला तो भिंतीसारखा जाड आवाज ऐकू येतो. मग त्याचं कुटुंब कॅनडाला गेलं आणि तिसऱ्या डेमोवर गिटारला उफे सेडरलुंड. माणूस गेला, आवाज राहिला! सनलाइट स्टुडिओ आणि तिथला निर्माता टोमास स्कोग्सबर्ग यांचाही त्यात वाटा आहे, ते वेगळं.

प्रतिसाद ३

हेडलुंडचा विषय निघालाच आहे तर अनलीश्डही ऐका. ऑगस्ट १९८९ मध्ये निहिलिस्ट मोडला तो मुळात त्याच्याशी पटेना म्हणून. बाकीचे काही दिवसांतच एन्टूम्ड नावाने उभे राहिले, त्याने अनलीश्ड काढला. त्यांचा १९९१ चा पहिला अल्बम सनलाइटमध्ये नाही, जर्मनीत रेकॉर्ड झालाय. करवत जवळजवळ गायब, रिफ सरळसोट. ती करवत काढून घेतल्यावर काय उरतं, याचा अंदाज येईल.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. दोन रात्री याच उद्योगात गेल्या.

'सपोज्ड टू रॉट' अल्बमवर अंगावर येतं खरं, पण धावतंच. जेमतेम दोन मिनिटांत संपतं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. बाकीच्या गाण्यांत ते लहान भावासारखं वाटतं, थोरल्याचे कपडे घातलेला. म्हणजे कपड्यांपुरतं मित्राचं बरोबर.

मग उलटं करून पाहिलं. तिसऱ्या डेमोवरच्या 'व्हेन लाइफ हॅज सीझ्ड'चा संथ भाग पेडल न लावता, साध्या गिटारवर वाजवला. ताकद गेली, उदासपणा मात्र तसाच राहिला. हे मित्रासमोर वाजवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. आता त्याचं म्हणणं असं की सगळं श्रेय ड्रमर निके अँडरसनचं, कारण गाणीही बरीचशी तोच लिहायचा. म्हणजे माझाच मुद्दा त्याने स्वतःचा म्हणून परत केला! असो.

प्रतिसाद २ मधला चिखलाचा मुद्दाही करून पाहिला. पहिल्या डेमोतला वेगवान रिफ सगळे नॉब पिळून वाजवला तर खरंच काही कळेना. त्यामुळे कोंबडी-अंड्याचं पूर्ण सुटलंय असं नाही म्हणणार.

आता पुढचा प्रश्न. ते मध्येच वेग पाडून सरपटत जाणं मला अमेरिकेतल्या ऑटोप्सी या बँडच्या जवळचं वाटतं, तर धावणारा भाग रिपल्शन या बँडच्या. रिपल्शनचं एक गाणं निहिलिस्टने वाजवलेलंही आहे, ते त्याच सीडीवर आहे. ऑटोप्सीचा पहिला अल्बम १९८९ चा, म्हणजे त्याआधीचं त्यांचं काम डेमोंच्या कॅसेटवरूनच फिरत असणार. त्यांचे १९८७-८८ चे डेमो नीट ऐकलेलं कुणी आहे का इथे? संथ भाग तिथे कसे येतात, ड्रम आधी पडतात की गिटार, एवढं सांगितलंत तरी पुरे.