टेबलाच्या पलीकडून : माणूस घेताना तुम्ही नेमकं काय बघता?

चाकणकर
वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. या महिन्यात १२ डिप्लोमा ट्रेनी घ्यायचे होते, अर्ज आले साडेतीनशेच्या वर. निम्म्या बायोडेटांवर 'टीम प्लेयर', 'क्विक लर्नर' आणि छंद : वाचन. शेवटचं काय वाचलंस विचारलं की पोरं पाणी मागतात.

मी एकच प्रश्न धरून बसतो. प्रोजेक्ट चौघांचं होतं ना, मग त्यातलं तुझं काय? बहुतेक जण 'आम्ही', 'आम्ही' करत राहतात. परवा एकजण म्हणाला, "सर, वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. मी ड्रॉइंग काढलं आणि ते टेम्पोत घालून कॉलेजला आणलं." बरोबरचे प्रॉडक्शनचे साहेब हसले, पण मी त्याला घेतला. ड्रॉइंगवर अर्धा तास खोदून विचारलं, एकदाही अडखळला नाही.

तर धागा याचसाठी. जाहिरातीत लिहितो ते सोडा. प्रत्यक्षात कशावरून ठरवता? टेबलाच्या अलीकडे बसलेल्यांनीही लिहा.

गाळा नं ७
भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापायची मशीन. आमच्याकडे एचआर म्हणजे मीच. बायोडेटा वाचतच नाही. एक टर्न केलेली (लेथवर कातलेली) पिन, तिचं ड्रॉइंग आणि व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायची सरकती पट्टी, पुढे ठेवतो. म्हणतो, पीस ओके आहे का सांग.

पहिल्या १० सेकंदांत बरंच कळतं. व्हर्नियर उचलल्यावर जॉ, म्हणजे पीस पकडणारे जबडे, पुसतो का? बंद करून झीरो बघतो का? की थेट पीस पकडून आकडा सांगतो?

खरी मेख ड्रॉइंगवर असते. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिलेला असतो अधिक-उणे ०.०१ मिमी, आणि हातात दिलेल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात बारीक माप, ०.०२. त्याने हे मोजताच येत नाही. आयटीआय करून आलेली, पाच-पाच वर्षं मशीनवर उभी राहिलेली माणसं छातीठोकपणे "ओके आहे" म्हणतात. मागच्या दिवाळीनंतर लातूरकडचा एक पोरगा आला होता. पिन फिरवून फिरवून बघितली, ड्रॉइंग परत वाचलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "शेठ, मायक्रोमीटर मिळंल का?" मायक्रोमीटर त्याहून बारीक मोजतो. पगाराचं बोलणं तिथंच सुरू केलं.

दुसरा प्रश्न, रनिंगमध्ये साइज जायला लागली, म्हणजे चालू कामात पीसचं माप बिघडायला लागलं, तर काय करशील? "सुपरवायझरला बोलावतो" हे उत्तर चुकीचं नाही. पण सुपरवायझर येईपर्यंत मशीन चालूच ठेवणार असशील, तर ते पीस भंगारात माझ्या खिशातून जाणार. आधी मशीन थांबव, मग मागचे पीस तपास, इन्सर्ट (कापणारं पातं) बघ, आणि मग हाक मार.

नोटीसपिरियड
आयटी, हिंजवडी. गाळेवाल्यांचा हेवा वाटला. आमच्याकडे पिन ठेवता येत नाही.

खरं सांगायचं तर भरती करणारा आधी बघतो तो नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस. ९० दिवस असेल तर कितीही चांगला माणूस यादीत खाली सरकतो, कारण त्या तीन महिन्यांत तो आमची ऑफर दाखवून आणखी दोन ठिकाणी बोलून येतो. 'सर्व्हिंग नोटीस' असं लिहिलंत तर शेवटची तारीखही लिहा, त्याच दिवशी फोन येईल.

आणि अनुभवाची वर्षं वाढवू नका. पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागवतात. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, सगळ्या नोकऱ्यांना एकच असल्याने कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, ते तारखांसकट दिसतं. मुलाखतीत पास झालेली माणसं मी या पायरीवर घरी पाठवली आहेत. वाईट वाटतं.

टॅलीवाली
अलीकडची बाजू. मी अकाउंट्सला. २०१६ ला मुलीसाठी नोकरी सोडली, २०१९ ला परत शोधायला लागले. पहिल्या ठिकाणी पहिला प्रश्न : "मुलीला कोण सांभाळतं?" दुसरा : "दुसऱ्याचा विचार आहे का?" समोरचे गृहस्थ मनातल्या मनात २६ आठवड्यांची पगारी रजा मोजत होते, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे फोन आला नाही.

गंमत म्हणजे माझ्याबद्दल शंका घ्यायला एक रास्त कारण होतं आणि ते त्यांना सुचलंच नाही. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी. म्हणजे माझं निम्मं शिक्षण रद्दी झालेलं! दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. मी सांगितलं, दिरांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं ३-बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, मीच भरते. त्यांनी लगेच एक खरेदी रजिस्टर आणि २-एचा, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीचा, प्रिंट दिला, फरक शोधा म्हणाल्या. दोन बिलं पुरवठादाराने दाखवलीच नव्हती आणि एकात जीएसटी नंबर चुकला होता. ४० मिनिटं लागली. मुलीचा विषय निघाला तो रुजू झाल्यावर, डबा खाताना.

चाकणकर
टॅलीवाली, पहिला प्रश्न आमच्याकडेही विचारला जातो. मीही विचारलाय. आता लाज वाटते.

नेकारकाठ
स्टुटगार्ट, जर्मनी. इथे मागची कंपनी सोडताना लेखी प्रशस्तिपत्रक मिळतं, तो कायद्याने हक्क आहे. त्यात उघड वाईट लिहायची सोय नाही, म्हणून एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. 'नेहमीच आमच्या संपूर्ण समाधानाने काम केलं' म्हणजे चांगला. त्यातलं 'नेहमीच' गळलं की मध्यम. आणि 'त्यांनी प्रयत्न केले' म्हणजे आनंदीआनंद.

मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा टीमसाठी अर्ज चाळायला बसलो तेव्हा 'प्रयत्न केले' वाला मेहनती वाटून वरच्या गठ्ठ्यात ठेवला. शेजारची सहकारी तो कागद बघून इतकी हसली की मला तिला कॉफी पाजावी लागली. आता भारतातून अर्ज आला की उलटी पंचाईत होते. आपलं अनुभवपत्र म्हणजे पद, तारखा आणि शुभेच्छा. इथल्या लोकांना वाटतं, काहीतरी लपवलंय. प्रत्येक वेळी मी जाऊन समजावतो.

लक्ष्मीरोड
साड्यांचं दुकान. मुलगी विचारायला आली की मी काउंटरवर दोन उलगडलेल्या साड्या तशाच ठेवून गिऱ्हाइकाशी बोलत राहते. बोलता बोलता हात घडीकडे गेला तर उद्यापासून ये. बाकी शिकवता येतं.

नोटीसपिरियड
गाळा नं ७, तो लातूरचा मुलगा टिकला का?

गाळा नं ७
आठ महिने. मग रांजणगावला मोठ्या कंपनीत लागला. तिथं कॅन्टीन आहे, बस आहे, मी काय देणार. सध्या व्हीएमसीला एक जागा रिकामी आहे, दोन शिफ्ट. कुणाच्या ओळखीत कोणी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. पिनेचं सांगून पाठवू नका.